पाटलाचे की पाटलांचे? लग्नपत्रिका आणि आहेरावर आडनाव कसं लिहाल

नंदुरबार : पत्रिका छापून आली. गठ्ठा फोडला, हळद-कुंकू लावून पहिली पत्रिका देवापुढे ठेवली. निम्म्या वाटूनही झाल्या. मग एखाद्या भाऊबंदाच्या ओट्यावर चहा घेताना कुणीतरी शांतपणे विचारतं, "आमचं नाव असं का छापलं रे?" बघतो तर ‘स्थळ : पाटलांच्या मळ्यात’ऐवजी छापलंय ‘पाटलाच्या मळ्यात’. एक टिंब गेलं. छापणाऱ्याला वाटतं, एका टिंबानं काय बिघडतं? ज्याचं नाव आहे त्याला मात्र वाटतं, आपल्याला चारचौघांत अरे-तुरे केलं.

दर लग्नसराईत जिल्ह्यात कुठे ना कुठे असं होतंच. कधी पत्रिकेवर, कधी आहेराच्या पाकिटावर, कधी चौकातल्या बॅनरवर. आता तर पत्रिका व्हॉट्सअॅपवरही फिरते, त्यामुळे चूक दहा मिनिटांत सगळ्या नातेवाइकांच्या हातात. म्हणून एकदा नीट समजून घेऊ : सगळ्या घराचं मिळून आडनाव लिहायचं, तर ते कसं लिहायचं?

मुळात आडनावाचं अनेकवचन होतं का?

मराठीत नुसतं आडनाव लिहिलं तर ते बदलत नाही. ‘वळवी आला’ म्हणजे एक जण, तोही आपल्या बरोबरीचा किंवा लहान. ‘वळवी आले’ म्हणजे वळवींच्या घरचे सगळे, किंवा एकटेच पण मानाचे वळवी. आडनाव तेच राहिलं, फरक ‘आला’ आणि ‘आले’ यात पडला.

पण आडनावाला चा-ची-चे, ला-ना, ने-नी, कडून, तर्फे, घरी असं काही जोडलं की आडनावाचं रूप बदलतं. एक की अनेक, हे तिथे कळतं :

- पाटलाच्या घरी : एक पाटील, आणि तोही मान न देता
- पाटलांच्या घरी : पाटील घराणं, किंवा आदराने एक पाटील

म्हणजे मराठीत हे टिंब दोन कामं करतं. ते ‘अनेक जण’ असं सांगतं आणि ‘मान’ही देतं. आपण ‘सरपंचांचा सत्कार’, ‘गुरुजींना निरोप’ असं लिहितो. सरपंच एकच असतात, गुरुजीही एकच. तरी टिंब देतो, कारण तो मान आहे. त्यामुळे घराण्याच्या नावावरचं टिंब सुटलं की माणसंही कमी होतात आणि मानही जातो. माणूस रुसतो तो उगाच नाही.

अहिराणीत हाच फरक तोंडाने स्पष्ट कळतो. आपण म्हणतो, ‘पाटीलस्ना घर लगीन शे’. त्या ‘स्ना’मधून सगळं घर आलंच. मराठीत मात्र हे काम बारीकशा टिंबावर आहे, आणि बोलताना ते धड ऐकूही येत नाही. म्हणून लिहिताना सुटतं.

‘टिंबं तर सरकारनं काढून टाकली ना?’

हा प्रश्न बरेच जण विचारतात. त्यात अर्धं खरं आहे.

आजोबांच्या वेळची पत्रिका घरात असेल तर काढून बघा. ‘गांव’, ‘नांव’, ‘कांही’, ‘पांच’ अशी जागोजागी टिंबं दिसतील. मराठी साहित्य महामंडळाने लेखनाचे नियम केले आणि राज्य सरकारने ते १९६२ साली मान्य केले. पुढे १९७२ साली त्यात आणखी चार नियमांची भर पडली. या नियमांनी ज्यांचा उच्चारच होत नाही अशी पुष्कळ टिंबं काढली. म्हणून आज आपण गाव, नाव, काही, पाच असंच लिहितो.

पण त्याच नियमांनी एक टिंब मुद्दाम ठेवलं. अनेकवचनी शब्दाला चा-ची-चे, ला-ना, तर्फे वगैरे जोडताना अनुस्वार द्यायचा, आणि एकाच माणसाला आदराने अनेकवचन लावलं तरी द्यायचा, असा नियम आहे. म्हणजे ‘नांव’वरचं टिंब गेलं, पण ‘पाटलांचे’वरचं टिंब राहिलं. ‘टिंबं बंद झाली’ म्हणून सगळीच पुसून टाकली, तर नको ते पुसलं जातं.

आपल्याकडची आडनावं आणि त्यांची रूपं

जिल्ह्यात नेहमी भेटणारी आडनावं घेऊन बघू.

शेवटी ‘अ’ असलेली आडनावं : पाटील – पाटलांच्या, गावित – गावितांच्या, पवार – पवारांच्या, राजपूत – राजपुतांच्या, नाईक – नाइकांच्या. यात एक गोष्ट लक्षात ठेवा. ‘राजपूत’मधला दीर्घ पू पुढे प्रत्यय लागला की ऱ्हस्व होतो, ‘नाईक’मधली ई सुद्धा ऱ्हस्व होते. ‘पाटील’मधली वेलांटी तर निघूनच जाते. ‘पाटीलांच्या’ असं बॅनरवर सर्रास दिसतं, पण मराठीची रीत ‘पाटलांच्या’ अशी आहे.

शेवटी ‘ई’ असलेली : वळवी – वळवींच्या, पाडवी – पाडवींच्या, तडवी – तडवींच्या, चौधरी – चौधरींच्या, रघुवंशी – रघुवंशींच्या. ही सगळ्यात सोपी. वेलांटीवर टिंब दिलं की झालं. पण सुटतंही इथेच जास्त, कारण ‘वी’वर आधीच वेलांटी असते आणि छोट्या स्क्रीनवर टिंब आहे की नाही ते दिसत नाही.

शेवटी ‘ए’ असलेली : वसावे – वसाव्यांच्या, सोनवणे – सोनवण्यांच्या, ठाकरे – ठाकऱ्यांच्या. ही जुनी, बोलण्यातली रीत. हल्ली बातम्यांत ‘ठाकरेंच्या’, ‘वसावेंच्या’ असंही छापतात, म्हणजे आडनाव न मोडता टिंब द्यायचं. दोन्ही रूपं चालतात. फक्त एकाच पत्रिकेत एका जागी ‘वसाव्यांच्या’ आणि दुसऱ्या जागी ‘वसावेंच्या’ असं करू नका. गिरासे, बोरसे अशा आडनावांत ‘से’चा ‘शा’ होतो : गिराशांच्या, बोरशांच्या. तोंडात ते छान बसतं, पण छापलेलं पाहिल्यावर काही जणांना खटकतं.

शेवटी ‘आ’ असलेली : पावरा – पावरांच्या, मेहता – मेहतांच्या.

आता एक फसवी जागा. काही आडनावं समाजाची किंवा कामाची नावंही असतात : माळी, कोळी, मराठे, पावरा, कोकणी. ‘माळ्यांच्या घरी’ लिहिलं तर वाचणाऱ्याला ते आडनाव वाटेल की समाज, सांगता येत नाही. ‘मराठ्यांच्या’ म्हटलं की डोक्यात सगळा समाज येतो, मराठे आडनावाचं घर येत नाही. ‘कोळ्यांच्या घरात’ तर काही वेगळंच डोळ्यापुढे येईल! अशा वेळी आडनाव मोडायचंच नाही. मग काय करायचं?

सगळ्यात बिनचूक वाट : ‘यांचे’

आडनाव जसंच्या तसं ठेवा आणि पुढे ‘यांचे, यांच्या, यांना, यांच्याकडून, यांच्यातर्फे’ लिहा.

- माळी यांच्या घरी
- गिरासे यांच्यातर्फे
- नाईक यांच्याकडून सप्रेम भेट
- पावरा यांच्या अंगणात

यात आडनावाला हात लागत नाही, रूप चुकण्याची भीती नाही आणि मानही पूर्ण मिळतो. म्हणूनच पत्रिकेत वडिलांचं नाव नेहमी असं येतं : ‘श्री. … वळवी यांचे ज्येष्ठ चिरंजीव’, ‘श्री. … गावित यांची द्वितीय कन्या’. फक्त ‘यां’वरचं टिंब जपा. ‘याचे ज्येष्ठ चिरंजीव’ छापलं गेलं, तर व्याह्यांना तेवढं पुरे.

बोलीच्या जवळचं, घरगुती लिहायचं असेल तर ‘पाटलांच्या घरी’, ‘वळवींच्या अंगणात’ लिहा. त्यात गोडवा आहे. पण रूपाबद्दल जराही शंका आली की ‘यांच्या’ची वाट धरा.

परिवार, कुटुंब, कुटुंबीय, मंडळी

पत्रिकेच्या तळाशी ‘विनीत’ किंवा ‘निमंत्रक’ म्हणून घराण्याचं नाव येतं. तिथे नेहमीच्या चुका बघा.

‘परिवार’ आणि ‘कुटुंब’ हे एका घराचे शब्द. घर एक असेल तर टिंब नको : ‘वळवी परिवारातर्फे’. दोन घरं मिळून बोलावत असतील तर टिंब हवं : ‘वळवी व पाडवी परिवारांतर्फे’. म्हणजे टिंब नेहमीच द्यायचं असंही नाही. एक परिवार की दोन, हे मोजा आणि मग ठरवा. ‘पाटील दांपत्यातर्फे’ यातही टिंब नाही, कारण माणसं दोन असली तरी दांपत्य एकच.

‘कुटुंबीय’ म्हणजे कुटुंबातली माणसं. ती अनेकच असतात, म्हणून ‘कुटुंबीयांतर्फे’ असं टिंब देऊनच लिहायचं. आणि यातला ‘बी’ दीर्घ. ‘कुटुंबिय’ ही बॅनरवरची सगळ्यात जास्त दिसणारी चूक.

‘गावित कुटुंबीय परिवार’ असं दोन्ही एकत्र लिहू नका. ‘गावित परिवार’ किंवा ‘गावित कुटुंबीय’, एकच पुरे.

‘मित्रमंडळातर्फे’ म्हणजे एका मंडळाकडून, टिंब नाही. ‘मित्रमंडळींतर्फे’ म्हणजे मित्रांकडून, टिंब हवं. ‘समस्त ग्रामस्थांतर्फे’ यात हवंच.

आणि ‘समस्त’ हा शब्द जपून वापरा. ‘समस्त पाटील परिवार’ लिहिलं की त्यात सगळी भाऊबंदकी आली. एकाच भावाच्या घरचं कार्य असेल आणि बाकीच्यांना विचारलेलं नसेल, तर ‘समस्त’ छापल्यावर ‘आम्हाला न विचारता आमचं नाव कसं’ हा वाद ठरलेला.

पाकिटावर कुणाला बोलावलंय?

पत्रिकेच्या पाकिटावर नुसतं ‘श्री. … पाडवी’ लिहिलं तर आमंत्रण एकट्याला, असा अर्थ काढणारे लोक आहेत. ‘श्री. व सौ. पाडवी’ लिहिलं तर नवरा-बायकोला. इथेही आडनाव एकदाच, त्याला काही जोडायचं नाही. सगळ्या घराला, म्हणजे चूलबंद आमंत्रण असेल तर ‘श्री. … पाडवी, सहकुटुंब सहपरिवार’ असं स्पष्ट लिहा.

आहेराच्या पाकिटावर मात्र उलट. तिथे तुम्ही देणारे असता. तिथे लिहायचं ‘श्री. … पाडवी व परिवार’. ‘सहपरिवार या’ हे बोलावणाऱ्याचे शब्द, ‘व परिवार’ हे देणाऱ्याचे. त्याखाली गाव आणि तालुका लिहायला विसरू नका. आपल्याकडे एकाच आडनावाची, एकाच नावाची माणसं गावोगाव आहेत. वही लिहायला बसलेल्याला ‘वळवी परिवार, रु. ५०१’ एवढंच पाकीट मिळालं तर तो ते कुणाच्या नावावर मांडणार? उद्या तुमच्या घरच्या कार्याला तीच वही उघडून परतफेड होते, म्हणून नाव पूर्ण हवं.

घरातली कर्ती बाई एकटी असेल, तर तिच्याच नावाने लिहा : ‘श्रीमती … वसावे व परिवार’. तिच्या नावापुढेही ‘यांच्यातर्फे’ तेवढ्याच मानाने येतं. लहान मुलाचं नाव पुढे करून आईला मागे ठेवायचं कारण नाही.

सीमेवरची आडनावं : वसावे आणि वसावा

नवापूरचं रेल्वे स्टेशन निम्मं महाराष्ट्रात, निम्मं गुजरातमध्ये आहे. आपली सोयरीकही तशीच आहे. एकच आडनाव सीमेच्या अलीकडे-पलीकडे वेगळं लिहिलं जातं. गुजरातमध्ये ‘वसावा’ लिहितात, आपल्याकडे ‘वसावे’. तिकडे ‘गामीत’, इकडे ‘गावित’.

मराठी कानाला घोडा–घोडे, तसं वसावा–वसावे वाटतं. म्हणून पत्रिका करताना एखादा शहाणा तिकडच्या पाहुण्यांचं ‘वसावा’ खोडून ‘वसावे’ करतो. तसं करू नका. नवरीच्या वडिलांच्या कागदावर ‘वसावा’ असेल तर पत्रिकेत ‘वसावा’च हवं. आडनाव हे त्या माणसाचं आहे, व्याकरणाने ते बदलायचा हक्क आपल्याला नाही. व्याकरण लावायचं ते आडनावापुढच्या शब्दांना.

हेच ऱ्हस्व-दीर्घाचंही. कुणी ‘गावित’ लिहितं, कुणी ‘गावीत’. त्यांच्या दाखल्यावर जे आहे तेच छापा.

इंग्रजीत छापायचं असेल तर

हल्ली भेटवस्तूवर, दाराच्या पाटीवर, गाडीच्या काचेवर इंग्रजीत आडनाव लिहायची हौस आहे. इंग्रजीत घराण्याचं अनेकवचन करताना आडनावापुढे नुसतं ‘एस’ अक्षर लावतात. मात्र आडनाव आणि एस यांच्यामध्ये वरच्या बाजूला जो स्वल्पविरामासारखा फराटा देतात, तो द्यायचा नाही. तो फराटा मालकी दाखवतो. तो दिला की अर्थ होतो ‘पाटलाचं’. काय पाटलाचं? वाक्य अर्धंच राहतं.

आडनावाच्या शेवटी एस, एक्स, झेड, सीएच किंवा एसएच असेल तर ‘ईएस’ लावतात. आणि चौधरीसारख्या आडनावात शेवटी वाय असेल, तर तो वाय तसाच ठेवून पुढे एस लावायचा. शाळेत शिकलो तसं वाय काढून ‘आयईएस’ करायचं नाही, कारण ते नाव आहे. यापेक्षा सोपं म्हणजे इंग्रजीतही आडनावापुढे ‘फॅमिली’ लिहा. ‘पाटील फॅमिली’त चुकायला जागाच नाही.

इंग्रजी स्पेलिंग मात्र आधार कार्डावरचंच घ्या. वळवी कुणी व्ही अक्षराने लिहितं, कुणी डब्ल्यूने. अंदाजाने छापू नका.

पत्रिका कागदपत्रही आहे

हे सगळं फक्त मानापमानाचं नाही. राज्यात विवाह नोंदणीचा १९९८ चा कायदा आहे आणि गावात ही नोंदणी ग्रामपंचायतीत होते. ग्रामसेवक भाऊसाहेबांकडे (आता ग्रामपंचायत अधिकारी) अर्ज देताना वयाचा, रहिवासाचा पुरावा आणि फोटो यांच्यासोबत लग्नपत्रिकाही मागतात. पत्रिकेवर ‘चि. पप्पू’ आणि आधारवर वेगळंच नाव, पत्रिकेवर ‘वसावे’ आणि दाखल्यावर ‘वसावा’ असं असेल तर तिथे काम अडतं. मग प्रतिज्ञापत्र करा, तालुक्याला चकरा मारा, मजुरी बुडवा. पुढे नव्या सुनेचं नाव रेशन कार्डावर चढवायचं, बँकेत बदलायचं, तर विवाह प्रमाणपत्र लागतंच.

घरचं लाडकं नाव हवं असेल तर खुशाल छापा, पण आधी कागदावरचं नाव, मग ‘ऊर्फ’ लिहून लाडकं नाव. आणि लग्न झालं की पत्रिकेच्या दोन-तीन प्रती फाईलमध्ये ठेवून द्या.

छापायला टाकण्याआधी एवढं करा

१. मजकूर व्हॉइस मेसेजने पाठवू नका. टाइप करून किंवा स्वच्छ अक्षरात लिहून फोटो पाठवा. बोलून टाइप केलं असेल तर एकदा वाचा, फोन टिंब खातो.

२. दोन्ही घरच्यांची नावं आधार कार्ड समोर ठेवून तपासा.

३. प्रूफ आलं की फोनवर मोठं करून बघा. आधी फक्त टिंबं तपासा : यांचे, यांच्या, पाटलांच्या, वळवींच्या.

४. ‘चि. सौ. कां.’ यातल्या ‘कां’वर टिंब हवं, कारण तो शब्द ‘सौभाग्यकांक्षिणी’ असा आहे.

५. नेहमी चुकणारे शब्द बघा : आशीर्वाद (‘शी’ दीर्घ), हार्दिक, निमंत्रित (दोन्हींत वेलांटी ऱ्हस्व), विनीत (‘नी’ दीर्घ), कुटुंबीय.

६. पत्ता तपासा. गाव धडगाव असलं तरी सरकारी कागदावर तालुका ‘अक्राणी’ आहे. जुनी पत्रिका समोर ठेवून मजकूर उतरवला असेल तर ‘जि. धुळे’ तसंच राहिलं नाही ना, तेही बघा. १ जुलै १९९८ पासून आपला जिल्हा नंदुरबार आहे.

७. शेवटी प्रूफ घरातल्या एका मोठ्या माणसाला वाचून दाखवा, आणि व्याह्यांनाही पाठवा. ‘ठीक आहे’ असं त्यांचं उत्तर आल्यावरच छापायला सांगा.

कुणाच्या पत्रिकेवर वर गणपती असतो, कुणाच्या पत्रिकेवर याहा मोगी मातेचं नाव असतं. कुणाची पत्रिका चार पानी, कुणाची एका कागदाची. खाली लिहिलेली घराण्याची नावं मात्र सगळ्यांच्याच पत्रिकेत पहिल्यांदा वाचली जातात. आजी-आजोबांना चष्मा लावून दुसरं काही वाचता आलं नाही तरी आपल्या घराचं नाव ते बोट फिरवून शोधतात. तेवढं नीट लिहिलेलं असलं की कार्याची सुरुवात गोड होते.

घरात लग्न ठरलेलं असेल तर ही माहिती पत्रिका करणाऱ्या पोराच्या फोनवर आजच पाठवून ठेवा.